तीन बोटांची कड

नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं, एक्स-रेच्या खोलीत कुणी तोंडाला, गळ्याला किंवा गुडघ्याला फडकं बांधून आलं की मी ते आधी सोडायला लावत असे. बाई असो, बुवा असो, खेड्यातला पाटील असो, माझ्याकडे सूट नव्हती. "साहेब, कापडातून तर पार जाते ना तुमचा उजेड?" असं एखादा हुशारीनं विचारी. जातो, मी म्हणे, पण तू सोड. मग ओल्या बोळ्यानं ती जागा मी स्वतः पुसून काढी आणि तो बोळा खिडकीशी नेऊन पाही. मागून लोक मला वहमी म्हणत, चक्रम म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. हा नाद मला कुठून लागला ते दवाखान्यात फक्त एका डॉक्टरांना ठाऊक होतं आणि त्यांची पुढे बदली झाली.

मी मुळातच तिरसट. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रेवर लागलो तेव्हा वय बावीस-तेवीस, आणि डोक्यात हवा अशी की शरीराच्या आतलं पाहणारा जिल्ह्यात मी एकटाच. लोक एक्स-रेला फोटो म्हणत आणि मला फोटोवाला. काम मात्र निम्मं पाणी सांभाळण्याचं होतं. फिल्म धुवायचं औषध थंड लागतं आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाला येणारं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं. औषध तापलं की फिल्मवरचा थर मऊ पडतो, ओघळतो आणि हाडाच्या चित्रावर रेघा उमटतात. म्हणून आम्ही अंधाऱ्या खोलीत रांजण भरून ठेवायचो, टाक्यांना ओली पोती गुंडाळायचो, बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचो. तरी रेघा यायच्याच. त्याला आम्ही म्हणायचो, फोटोला घाम आला. डॉक्टरांनाही आमची ही भाषा सवयीची झाली होती.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे वडील अकोल्याच्या कापडगिरणीत होते. मी सहावीत असताना ते गेले, तेव्हा अक्का नुकती प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. मला मॅट्रिक तिनं केलं, नागपूरला एक्स-रेचं काम शिकायला तिनंच धाडलं. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असंच आम्ही म्हणायचो, जसं काही ती कुठेतरी छत्री विसरून आली होती.

ती पहिलीचा वर्ग घ्यायची आणि दुसरा कुठला वर्ग घ्यायला तयार नसायची. शिकवताना बुटक्या पाटावर बसायची, म्हणजे पोरांना तिचं तोंड समोर दिसावं. "फळ्याकडे नको, माझ्या तोंडाकडे पाहा," असं म्हणून ती प, फ, ब, भ, म म्हणायची आणि समोरची चाळीस तोंडं तशीच मिटायची, तशीच उघडायची. आमच्या वस्तीतली बरीच पोरं अशी तिच्या ओठांवरून वाचायला शिकली. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांना तर तिचं तोंड हीच पाटी होती.

त्या तोंडाच्या डाव्या बाजूला, खाली, सूज आली. आधी एक दाढ हलायला लागली. अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरनं ती उपटली, पण तिथलं भोक भरेचना. मग गालाखाली एक कडक उंचवटा आला, दुखत नसे म्हणून तिनं लपवला. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि आई अमरावतीला माझ्याकडे, राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीवर आल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी तिचा फोटो काढला.

फिल्म उजेडावर धरली. जबड्याच्या आत साबणाच्या फेसासारखे काळे गोल होते, एकाला एक चिकटलेले. हाड आतून पोखरलं होतं. त्या गोलांच्या खाली, जबड्याच्या अगदी तळाशी, एक पांढरी कड मात्र शाबूत दिसत होती, पेन्सिलीएवढी.

आमचे सर्जन मुंबईला शिकून आलेले, अबोल आणि सरळ. त्यांनी फिल्म पाहिली आणि केसपेपरच्या मागं जबड्याचं चित्र काढून आम्हा दोघांना समजावलं. ही गाठ जीव घेणारी नव्हे, पण चिवट. थोडी राहिली तरी परत वाढते. गाठीबरोबर आजूबाजूचं हाडही काढावं लागतं. प्रश्न एवढाच, किती.

"ही खालची कड निरोगी असेल तर मी तोंडाच्या आतून जाईन," ते म्हणाले. "गाठ आणि वरचं हाड काढीन, कड ठेवीन. कड राहिली की जबडा एकसंध राहतो. चेहरा राहतो, चावणं राहतं. कडही पोखरली असेल तर मग पुढच्या दातांपासून कानाखालपर्यंत सगळं काढावं लागतं. उरलेला जबडा त्या बाजूला ओढला जातो, तोंड वाकडं होतं."

अक्कानं विचारलं, "प, फ, ब, भ म्हणता येतील?"

डॉक्टरांना तो प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. "कड राहिली तर येतील," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि कड आहे की नाही ते आत शिरल्यावर कळून उपयोग नाही. ते आधी तुमच्या फोटोत दिसलं पाहिजे. त्यावरच मी ठरवणार."

त्या दिवसापासून कड हा आमच्या घरातला शब्द झाला. अकोल्याहून येणाऱ्या पत्रातसुद्धा अक्का खुशालीच्या खाली लिहायची, कड ठीक असावी.

डॉक्टरांना महिन्याभरात ऑपरेशन करायचं होतं. अक्का म्हणाली, पोरांची परीक्षा होऊ द्या, मे महिन्यात करू. मी भांडलो, आरडाओरडा केला. जगात एकटीच अशी होती जिच्यावर माझ्या आरडाओरड्याचा काडीचा परिणाम होत नसे. शेवटी डॉक्टर म्हणाले, मे तर मे, पण ऑपरेशनच्या आधी नवा फोटो लागेल. मधल्या सहा महिन्यांत गाठ कुठवर गेली ते त्यावरून पाहू.

त्याच दिवाळीत घडलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई मोरीपाशी बसून सहाणेवर काहीतरी उगाळत होती. तिच्या हातात पिवळट तांबूस खडा होता, मुरदाडशिंगाचा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. गळवं, गाठी, सूज यांवर आमच्याकडे बाया तो एरंडेलात उगाळून लावतात. आमच्या घरातून देव छप्पन साली गेले. दीक्षा घेऊन आल्यावर आईनं स्वतःच्या हातानं देव्हारा उतरवला आणि टाक मोर्णा नदीत सोडले. पण तिची औषधं गेली नाहीत. ती तिच्या मते देवाची नव्हती, तिची होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी तठी मशीनवर बसतो, शरीराच्या आतलं पाहतो, अन् माझ्याच घरात तुमी दगड उगाळून राहिल्या?" असं म्हणत मी वाटी उचलली आणि लेप मोरीत ओतला. वर असंही म्हणालो की असल्या अडाणीपणानंच आपली माणसं मेली. आईनं वाटी घेतली, राखेनं घासली, पालथी घातली.

अक्का आतून म्हणाली, "तिले काहून बोलतं? तिले दुसरं काय करता येते?"

त्यानंतर माझ्यासमोर लेपाचा विषय कधी निघाला नाही. मला वाटलं, विषय संपला. माझ्यासारख्या माणसांना नेहमी असंच वाटतं, समोरचं गप्प झालं म्हणजे आपण जिंकलो.

मे महिन्यात निकाल लावून, पगारपत्रकावर सही करून अक्का निघाली. आई बरोबर होतीच. बडनेऱ्याला गाडी बदलून दोघी अमरावतीला उतरल्या तेव्हा ऊन असं होतं की फलाटावरचं कुत्रंसुद्धा जागचं हलत नव्हतं. अक्काच्या हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधलं होतं आणि त्यावरून पदर. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे त्या दिवसांत अर्धा गाव उन्हासाठी कानतोंड बांधून हिंडतो.

फोटोसाठी मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. खोलीचं दार उन्हानं वाकून नीट लागत नसे, चार बोटं उघडंच राही. बाहेर रांग होती आणि रांगेत, हात झोळीत घेतलेला, अकोल्याचा एक माणूस होता. अक्काच्या वर्गातल्या एका पोराचा बाप. "बाई, तुमी अठी?" तो फटीतून म्हणाला. अक्कानं मान खाली घातली. फडक्याच्या गाठीवर गेलेला तिचा हात तिथंच थांबला. सूज आता गालाच्या बाहेर आली होती आणि ती तिला कुणालाच दाखवायची नव्हती, या माणसाला तर नाहीच.

मला तिची दया आली. मला दया येण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक. "राहू दे अक्का," मी म्हणालो, "कापड फोटोत दिसत नाई. कुड्या तेवढ्या काढून दे."

तिनं कुड्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी तिला टेबलावर निजवलं, डावा गाल फिल्मच्या पेटीवर टेकवला, हनुवटी वर केली.

"अरे, पण याच्या खाली—" ती बोलायला लागली.

"बोलू नको," मी म्हणालो. "जबडा हालला का फोटो गेला. श्वास धर."

तिनं तोंड मिटलं, श्वास धरला. शिस्तीची होती ती. मी शिशाचा एप्रन चढवला, पडद्यामागं गेलो आणि बटण दाबलं.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली चित्र हळूहळू वर आलं. फेसाचे गोल वाढले होते, वरच्या बाजूला खूपच. पण खाली कड होती. नुसती होती असं नव्हे, दिवाळीपेक्षा जाड होती, पांढरीशुभ्र, भरीव. तिच्या खालच्या अंगानं तीन पट्टे निघून मानेकडे उतरले होते. मी म्हणालो, घाम. बर्फाची लादी त्या दिवशी उशिरा आली होती.

इथं मला खरं बोललं पाहिजे. पोखरलेलं हाड सहा महिन्यांत आपोआप जाड होत नाही, हे मला माहीत होतं. इतर कुणाचा फोटो असता तर मी दुसरा काढला असता. फिल्मा तेव्हा मोजून मिळत, हे कारण मी मनाला दिलं, पण ते कारण नव्हतं. मला जे हवं होतं ते समोर आलं होतं आणि मला ते हातचं सोडायचं नव्हतं.

डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि बराच वेळ पाहिली. "कड चांगली दिसते," ते म्हणाले. "अपेक्षेपेक्षा चांगली. हे पट्टे कसले?"

"पाण्याचे, साहेब. पाणी तापलंय."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

"मग आतून जाऊ. कड ठेवू."

मी खोलीवर गेलो आणि चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "अक्का, कड राहून राहिली." ती हसली, चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यानं. आईनं दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. संध्याकाळी अक्का राजापेठेत जाऊन स्वतःसाठी एक पाटी आणि पेन्सिलीचे दोन तुकडे घेऊन आली, कारण ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आता तूच माझा विद्यार्थी," ती मला म्हणाली. "शुद्धलेखन तपासू नको म्हणजे झालं."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. आत जाताना तिनं फडकं सोडून आईच्या हातात दिलं. थिएटरच्या बाहेरच्या व्हरांड्यात मी आणि आई बाकावर बसलो. ईथरचा गोडसर वास दाराच्या फटीतून येत होता. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मी इतका निवांत होतो की आईला सुपारी कातरून दिली.

आई म्हणाली, "बापू, रागावणार नसशीन तर एक सांगू?"

"सांग."

"डॉक्टर म्हणे ना, हाड घट्ट झालं. थे माह्या लेपानं झालं." तिचा आवाज भीत भीत निघत होता, पण त्यात एक आनंद होता. "तू सांडून देला होता, पन मी लावनं सोडलं नाई. रोज सकाळी लावला, आज तेवढा धुऊन काहाडला. तू फोटो काढला ना, त्या दिवशी तर डब्बल लावला, वरून फडकं बांधून देलं. तुले दिसू नये म्हून." आणि तिनं कसा लावला ते दाखवलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवून तिनं ती स्वतःच्या जबड्याच्या खालच्या कडेवरून फिरवली आणि शेवटी मानेवर ओढून सोडली.

तीन पट्टे.

मुरदाडशिंग म्हणजे शिसं. शिशाची राख म्हणा. ज्याचा एप्रन घालून मी पडद्यामागं उभा राहतो, तेच. त्यातून माझा उजेड पार जात नाही. फिल्मवर तिथं पांढरं उमटतं, हाडाहून पांढरं. मी कड म्हणून जी पाहिली होती, डॉक्टरांना नक्की म्हणून जी दाखवली होती, ती आईची तीन बोटं होती.

मी उठलो. काय करायचं याचा विचारही न करता एक्स-रेच्या खोलीकडे पळालो, चाकांचं छोटं मशीन ओढत आणलं. त्याचं एक चाक अडत होतं, मी ते लाथा मारून सरळ करत होतो. दारावर थापा मारल्या. नर्सनं चार बोटं दार उघडलं.

"साहेबांना सांगा, फोटो खोटा आहे. तोंडाला लेप होता. शिशाचा."

आतून डॉक्टरांचा आवाज आला, न ओरडता. "किती भाग खोटा?"

"खालची कड. सगळी."

"मी आतून अर्ध्यावर आलोय," ते म्हणाले. "बोटाला खाली हाड लागतंय, पण किती आहे ते बोटाला कळत नाही."

"मशीन आणलंय, साहेब. आत घेतो, एक मिनिट लागेल."

"ईथर चालू आहे," डॉक्टर म्हणाले. "ठिणगी उडाली तर सगळेच जाऊ. दार लावून घ्या."

दार लागलं. ईथर चालू असताना मशीन जवळ न्यायचं नाही, हे दर सहा महिन्यांनी नव्या नर्सांना मीच शिकवत असे. मी त्या मशीनच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिलो. शरीराच्या आतलं पाहणारं ते मशीन आणि जिल्ह्यात ते पाहणारा एकटा मी, दोघंही दाराच्या बाहेर. त्या दाराला वर एक काचेचा तुकडा होता, पण तो पांढरा रंगवलेला होता.

आई माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं माझ्या बाहीला हात लावला. "काय झालं, बापू?"

आणि मी म्हणालो, "तुया लेपानं तिचा जबडा गेला, माय. तू घालवला."

मी हे बोललो तेव्हा मला पुरतं ठाऊक होतं की फडकं मी सोडलं नाही. ती सांगत होती तेव्हा बोलू नको असं मी म्हणालो. नक्की असं मीच म्हणालो. आणि लेप लपवण्याची वेळ तिच्यावर मीच आणली. सगळं माहीत असून मी ते वाक्य बोललो, कारण ते कुणावर तरी टाकायला हवं होतं आणि व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं.

आईनं आपला हात पाहिला. मग ती बाकावर जाऊन बसली आणि हात पदराखाली घेतला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती. मास्क खाली ओढून ते माझ्याजवळ थांबले. "कड कागदासारखी होती," ते म्हणाले. "मागच्या बाजूला तर नव्हतीच. बोटाखाली तुटली. मग बाहेरून चीर घेऊन सगळं काढावं लागलं."

मी विचारलं, "फोटो खरा असता तर कड वाचली असती?"

ते म्हणाले, "नाही. तेव्हाही हेच करावं लागलं असतं. पण उरलेला जबडा ओढला जाऊ नये म्हणून दातांना धरणारी पट्टी आधी करून घेतली असती. आणि तिला सांगता आलं असतं. ती जबडा राहणार म्हणून झोपली." ते निघाले, पुन्हा मागं वळले. "तुम्ही दार ठोठावलंत ते बरं केलंत," असं म्हणाले. ते त्यांनी चांगुलपणानं म्हटलं हे मला कळत होतं, तरी ते मला आजवर पचलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. गाठ परत आली नाही. जबडा डावीकडे ओढला गेला, दातांवर दात बसेनात. अक्का बोलायची, पण ओठ मिटून म्हणायची अक्षरं तिच्या तोंडातून वाऱ्यासारखी निघत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिनं हेडमास्तरांकडे अर्ज दिला की मला पहिली नको, चौथी द्या. चौथीच्या मुलांना वाचता येतं, त्यांना बाईंच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. निवृत्त होईपर्यंत तिनं चौथी घेतली. तो पाट तिनं वर्गातून घरी आणला आणि आई त्यावर बसून भाजी निवडायची. आईनं मात्र पुढे कधी कुणासाठी काही उगाळलं नाही. शेजारणी विचारायला येत, तेव्हा ती म्हणे, मी विसरली सगळं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. संध्याकाळी चारच्या सुमारास अक्काला शुद्ध आली. तोंड, हनुवटी, मान, सगळं पट्ट्यांत गुंडाळलेलं, नाकातून नळी. डोळे तेवढे मोकळे होते. मी खाटेच्या एका अंगाला उभा होतो, आई माझ्या पाठीमागं, थोडी लांब, पदराखाली हात तसाच.

अक्कानं जबड्यावरच्या पट्ट्या बोटांनी चाचपल्या आणि हातानं पाटी मागितली. मी तिच्या उशाखालची पाटी काढून छातीवर धरली, पेन्सिल बोटांत दिली. ती निजल्या निजल्या लिहू लागली, पाटीकडे न पाहता. मला वाटलं, विचारणार, कड राहिली का. काय उत्तर द्यायचं ते मी दुपारपासून घोकत होतो. तिनं सावकाश, वेडंवाकडं, पण एकही काना-मात्रा न चुकवता लिहिलं:

लेप होता ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. आईला काही बोलू नको.

मी ते वाचलं, परत वाचलं. अक्का माझ्याकडे पाहत होती. तिला माझा स्वभाव माहीत होता आणि ती शुद्धीवर आल्या आल्या आधी तेवढंच काम करायला निघाली होती. तिला फक्त काही तासांचा उशीर झाला होता.

मागून आईनं विचारलं, "काय लिवलं तिनं?"

आईला वाचता येत नव्हतं. मी पाटी छातीशी धरली आणि म्हणालो, "इचारते, माय जेवली का म्हून."

अक्कानं ते ऐकलं. तिनं डोळे मिटले आणि हळूच मान हलवली, हो, तेच विचारलं, अशी.

आई सकाळपासून उपाशी होती. सुपारीचं खांडसुद्धा तिनं तोंडात टाकलं नव्हतं, पदराच्या टोकाला बांधून ठेवलं होतं. ती पुढे आली, खाटेच्या दांडीपाशी थांबली. तिचा उजवा हात पदरातून बाहेर आला, अक्काच्या कपाळापर्यंत गेला आणि कपाळाला न लागताच मागं फिरला.

"सांग तिले," आई मला म्हणाली, "जेवली म्हना."